जुनी पेन्शन, एनपीएस, यूपीएस : नेमकं भांडण कशावरून?

2005 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं होतं. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र ती तारीख पाठ आहे ती वेगळ्याच कारणासाठी. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो राज्य सरकारच्या नोकरीत लागला, त्याला, काही अपवाद सोडले तर, जुनी पेन्शन नाही.

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या शाळेत दोन गुरुजी एकाच बाकावर बसून डबा खातात. एक जून 2005 मध्ये रुजू झाले, दुसरे जून 2006 मध्ये. डी.एड. एकाच कॉलेजातून, वेतनश्रेणी एकच, निवडणुकीची ड्युटीसुद्धा बहुतेक वेळा एकाच केंद्रावर. पगाराच्या चिठ्ठीत एक ओळ तेवढी वेगळी. पहिल्यांचे पैसे भविष्य निर्वाह निधीत जातात, म्हणजे जीपीएफमध्ये, आणि दुसऱ्यांचे एनपीएस या नव्या पेन्शन योजनेत. ताई म्हणते, "दोघं एकमेकांना भाजी देतात, पण पेन्शनचा विषय निघाला की मोठे सर गप्प होतात." मोठे सर म्हणजे 2005 वाले.

या एका ओळीसाठी 14 मार्च 2023 ला राज्यातले सुमारे 17 लाख कर्मचारी संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा त्या आठवड्यात प्रत्येक कचेरीच्या फाटकावर ऐकू येत होती. संप 20 मार्चला मिटला, प्रश्न समितीकडे गेला. त्यानंतर यूपीएस नावाची तिसरीच गोष्ट आली आणि सगळा गुंता वाढला. तो जरा सोडवून पाहू.

जुन्या पेन्शनमध्ये पैसे ठेवलेले कुठे असतात?

कुठेच नसतात. बहुतेकांना हेच ठाऊक नसतं.

जुन्या योजनेचा हिशेब सोपा. पूर्ण सेवा झालेली असेल तर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा, त्यावर महागाई भत्ता. भत्ता वाढला की पेन्शन वाढते, नवा वेतन आयोग आला की पुन्हा वाढते, वयाची 80 वर्षं ओलांडली की आणखी थोडी. पेन्शनर गेला की जोडीदाराला कुटुंब निवृत्तीवेतन, साधारण मूळ पगाराच्या 30 टक्के. हवी तर काही पेन्शन 'विकता' येते, म्हणजे एक हिस्सा आधीच एकरकमी उचलायचा. तो 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. या पेन्शनसाठी पगारातून काहीही कापलं जात नाही. जीपीएफ कापला जातो, पण ती कर्मचाऱ्याची स्वतःची बचत असते आणि निवृत्तीला व्याजासकट परत मिळते.

माझे वडील पोस्टातून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला आम्ही बँकेत जायचो. यंत्रावर अंगठा उमटायचा नाही, मग वडील तो धोतराला पुसायचे, परत लावायचे, मागची रांग उसासे टाकायची. मला लहानपणापासून वाटायचं की वडिलांनी नोकरीत असताना पैसे साठवले होते आणि बँक तेच थोडे थोडे परत करते आहे. तसं नव्हतं. त्या महिन्यात सरकारच्या तिजोरीत जो कर जमा झाला, त्यातूनच वडिलांची पेन्शन निघत होती. आजचे कमावते आजच्या म्हाताऱ्यांना पोसतात आणि उद्या आपल्याला उद्याचे कमावते पोसतील, असा तो भरवसा.

आपल्या घरांची रीत हीच होती. आईबापांनी मुलाला वाढवायचं, मुलाने म्हातारपणी आईबापांना सांभाळायचं. पाच मुलं आणि दोन म्हातारी असताना ही रीत छान चालते. एक मुलगा, दोन म्हातारी, आणि त्या दोघांचं वय नव्वदीला टेकलेलं, असं झालं की घरात कुरबुर सुरू होते. सरकारचं तेच झालं. माणसं जास्त जगू लागली, पगार वाढले, पेन्शनरांची संख्या वाढली, आणि एकाच तिजोरीतून रस्ते, दवाखाने, पगार आणि पेन्शन असं सगळं भागवायची वेळ आली.

मग प्रत्येकाचा डबा वेगळा झाला

यावर निघालेला उपाय असा की प्रत्येक कर्मचाऱ्याचं स्वतःचं खातं उघडायचं, त्यात दरमहा पैसे टाकायचे आणि निवृत्तीला त्यात जे साठलं असेल तेच त्याचं. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2004 पासून नव्या भरतीला हे लागू केलं, सैन्यदलं वगळून. महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून. आपल्याकडे आधी त्याचं नाव 'परिभाषित अंशदान निवृत्तीवेतन योजना' होतं, पुढे ती केंद्राच्या एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तीवेतन प्रणालीत, विलीन झाली. या जडजंबाळ नावाचा अर्थ एवढाच की किती *भरायचं* ते ठरलेलं आहे, किती *मिळणार* ते ठरलेलं नाही. जुन्या पेन्शनमध्ये नेमकं उलट असतं.

कर्मचाऱ्याच्या मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालतं (सुरुवातीला तेही 10च घालायचं). हे पैसे फंड व्यवस्थापक सरकारी रोख्यांत, कंपन्यांच्या कर्जरोख्यांत आणि थोडे शेअरमध्ये गुंतवतात. निवृत्तीच्या दिवशी जी रक्कम झाली असेल तिच्यातली 60 टक्क्यांपर्यंत हातात मिळते. उरलेल्या किमान 40 टक्क्यांतून विमा कंपनीकडून वर्षासन घ्यावं लागतं. म्हणजे कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि तिने आपण जिवंत असेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. 'वर्षासन' शब्द आपल्याकडे पेशवाईपासूनचा. फरक इतकाच की तेव्हा ते दरबारातून मिळायचं आणि आता स्वतःच्या पैशांनी विकत घ्यायचं.

आकडे मांडून पाहू. समजा निवृत्तीला मूळ पगार 60,000 रुपये आहे आणि एनपीएस खात्यात 60 लाख जमलेत. 40 टक्के म्हणजे 24 लाख वर्षासनाला गेले. साडेसहा टक्के दर धरला तर महिन्याला 13,000 रुपये. मोर्चात दाखवला जातो तो आकडा हा. त्याच पगारावर जुनी पेन्शन 30,000, आणि महागाई भत्ता 50 टक्के धरला तर 45,000.

पण ही तुलना अर्धवट आहे. हातात आलेले 36 लाख कुठे गेले? तेही त्याच दराने ठेवले तर महिन्याला 19,500 येतात. बेरीज 32,500. शिवाय मुद्दल परत देणारं वर्षासन घेतलं असेल तर मागे वारसांसाठी रक्कम उरते. जुन्या पेन्शनमध्ये मुलांना मुद्दल वगैरे काही मिळत नाही.

एवढं वाचून एनपीएस तितकी वाईट नाही असं वाटू लागलं असेल, तर वीस वर्षं पुढे जा. 32,500 तेव्हाही 32,500च. महागाई वर्षाला 5 टक्के धरली तर त्या रकमेत आजच्या सव्वाबारा हजारांइतकंच सामान येईल. आणि माणूस तेव्हा 78 वर्षांचा असेल, औषधांचा खर्च सगळ्यात जास्त असण्याच्या वयात. जुन्या पेन्शनवाल्याची रक्कम मात्र दर सहा महिन्यांनी सरकत राहिलेली असेल.

खरा सौदा जोखमीचा आहे

म्हणून मला वाटतं, 'किती टक्के' या वादात आपण नको तितके अडकतो. म्हातारपणाच्या पैशाला तीन धोके असतात. बाजार पडू शकतो. आपण अपेक्षेपेक्षा जास्त जगू शकतो. महागाई पैसा खाऊ शकते. जुन्या योजनेत हे तिन्ही धोके सरकार उचलतं. एनपीएसमध्ये पहिला आणि तिसरा कर्मचाऱ्याच्या गळ्यात आहे. दुसरा वर्षासनापुरता विमा कंपनीकडे आहे, बाकी 60 टक्क्यांपुरता पुन्हा कर्मचाऱ्याकडेच.

'आमचे पैसे शेअर बाजारात उडवले' हा आरोप मला तेवढासा पटत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मूळ रचनेत शेअरचा वाटा मर्यादितच ठेवलेला आहे (कित्येक वर्षं तो 15 टक्क्यांपर्यंतच होता), बाकी सगळं रोख्यांत. बाजार कोसळला तर दुखेल, पण खातं रिकामं होणार नाही. खरी झोप उडवणारी गोष्ट महागाई आहे, आणि तिच्यावर घोषणा देता येत नाहीत म्हणून कोणी देत नाही.

मात्र सरकारवर सोपवलेला धोका नाहीसा झाला असं समजायचं कारण नाही. सरकारचं वचन हे शेवटी वचनच. दुसऱ्या बाजीरावाला 1818 नंतर इंग्रजांनी वर्षाला आठ लाखांची पेन्शन देऊन बिठूरला बसवलं आणि ती 1851 पर्यंत बिनबोभाट दिलीही. तो वारल्यावर दत्तक नानासाहेबांना ती नाकारली. पुढचं 1857 आपल्याला माहीत आहे. आजच्या पेन्शनला कायद्याचं आणि न्यायालयांचं संरक्षण आहे, बाजीरावाला ते नव्हतं. तरी 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांसाठी नियम बदलले ते सरकारनेच, हेही तितकंच खरं.

'अहो, पण निवृत्त झालेल्यांना दोन-तीन हजार मिळतात!'

हे खोटं नाही. अशी उदाहरणं आहेत आणि त्यांच्याकडे बघून पोटात गोळा येतो. पण ती कोणाची आहेत ते पाहा. योजना 2005 ची. आतापर्यंत त्यातून निवृत्त झालेले बहुतेक जण उशिरा नोकरीला लागलेले, दहा-पंधरा वर्षं पैसे भरलेले. आंब्याचं कलम लावून तिसऱ्या वर्षी टोपली घेऊन जाण्यासारखं आहे हे.

दरमहा 10,000 रुपये आणि 9 टक्के परतावा धरा. 12 वर्षांत साधारण 26 लाख होतात. 32 वर्षांत 2 कोटी 20 लाखांच्या आसपास. भरलेले पैसे तिपटीहूनही कमी वाढले (14 लाख 40 हजारांवरून 38 लाख 40 हजार), जमा रक्कम साडेआठ पट. चक्रवाढीचा सगळा खेळ शेवटच्या दहा-बारा वर्षांत असतो. म्हणून पहिल्या फळीच्या निवृत्तांवरून योजनेला नापास करणं घाईचं आहे.

पण मग त्या पहिल्या फळीने काय करायचं? त्यांचं म्हातारपण आत्ता चालू आहे. वयाच्या चाळिशीत अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या शिपायाला चक्रवाढ समजावून सांगण्यात काय अर्थ? आणि नोकरीत असतानाच गेलेल्यांची घरं? कर्मचारी गेला की कुटुंब निवृत्तीवेतन नाही, ही महाराष्ट्रातली सगळ्यात बोचरी तक्रार होती. कुटुंब निवृत्तीवेतन आणि मृत्यू-उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देण्याचा निर्णय व्हायला मार्च 2023 उजाडावा लागला.

सरकारकडे पैसे नाहीत, हे खरं की बहाणा?

दोन्ही. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, म्हणून देणार नाही, असं सांगितलं. पुढच्याच महिन्यात, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुका आल्यावर, आपण जुन्या पेन्शनबाबत नकारात्मक नाही असा सूर लागला.

यातली गंमत वेळापत्रकात आहे. एनपीएस सुरू केली की सरकारचा खर्च लगेच कमी होत नाही, उलट वाढतो. जुन्या पेन्शनरांना द्यायचं चालूच असतं आणि वर नव्या लोकांच्या खात्यात दरमहा 14 टक्के घालावे लागतात. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळत स्वतःच्या म्हातारपणासाठीही बाजूला काढणाऱ्या मुलासारखी ही स्थिती. फायदा दिसायचा तो 2035-40 च्या पुढे.

जुन्या पेन्शनकडे परत गेलं तर याच्या उलट होतं. ते 14 टक्के थांबतात, आजच्या अर्थसंकल्पाला हलकं वाटतं. 2005 मध्ये पंचविशीत लागलेला माणूस 58 व्या वर्षी, म्हणजे 2038 मध्ये निवृत्त होणार. बिल तेव्हा येईल आणि फेडणारा मुख्यमंत्री दुसराच असेल. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेशाने 2022-23 मध्ये परतीची घोषणा केली, ती राजकीयदृष्ट्या स्वस्त का पडली ते यातून कळतं. त्यांची एक अडचण मात्र झाली. एनपीएसमध्ये आधीच जमलेले पैसे राज्यांना परत देता येणार नाहीत, असं केंद्राने सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या मासिकात सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार सगळी राज्यं परत फिरली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. मतं लेखकांची, बँकेची नव्हेत, अशी तळटीप तिथे असतेच.

चिलीत हा प्रयोग चाळीस वर्षं झालाय

वैयक्तिक खात्यांची कल्पना जगात सगळ्यात जोरात राबवली ती चिलीने, 1981 मध्ये, पिनोशेच्या लष्करी राजवटीत. कामगारमंत्री होसे पिन्येरा. प्रत्येकाच्या पगारातून 10 टक्के कापायचे, ते खासगी कंपन्यांनी सांभाळायचे, आणि मालकाचा वाटा शून्य. जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी तेव्हा फार कौतुक केलं. देशात भांडवल उभं राहिलं हेही खरं.

पण ज्यांच्या नोकऱ्या मधूनमधून सुटत होत्या, ज्या बायका मुलांसाठी घरी बसल्या, जे रोजंदारीवर होते, त्यांच्या खात्यात फारसं काही साठलंच नाही. 2016 मध्ये लाखो लोक या कंपन्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले. 2008 पासून सरकार गरिबांसाठी करातून पेन्शनचा आधार जोडत गेलं, आणि 2025 च्या सुधारणेत मालकांनीही हिस्सा घालायचं ठरलं. कोव्हिडमध्ये तीनदा प्रत्येकी 10 टक्के काढायची मुभा दिली, तेव्हा कित्येकांची खाती रिकामी झाली.

आणि हो, पिनोशेने सैन्य आणि पोलिसांना या योजनेतून वगळलं होतं. आपणही सैन्याला वगळलं. कारणं वेगळी असतील, पण योजना आखणारे ज्यांना दुखवायला धजत नाहीत ते कोण, हे दोन्हीकडे पाहण्यासारखं आहे.

यूपीएस : थोडं त्याचं, थोडं याचं

24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने एकीकृत निवृत्तीवेतन योजना, म्हणजे यूपीएस, जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली, असं करणारं पहिलं राज्य. केंद्रात ती 1 एप्रिल 2025 पासून लागू झाली.

यात कर्मचाऱ्याचे 10 टक्के कापलेच जातात. पण 25 वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन नक्की, आणि ती महागाईबरोबर वाढणार. दहा वर्षं सेवा असेल तर किमान 10,000. पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला त्या पेन्शनच्या 60 टक्के. केंद्राचा हिस्सा 14 वरून साडेअठरा टक्क्यांवर गेला.

म्हणजे महागाईचा आणि बाजाराचा धोका परत सरकारच्या खांद्यावर, पण आता कर्मचाऱ्याकडून त्याचा हप्ता घेऊन. विम्यासारखं. कल्पना म्हणून मला ही तिन्हींत सगळ्यात समजूतदार वाटते. तरी केंद्रात ती निवडायची मुदत दोनदा वाढवावी लागली, लोकांनी उत्साह दाखवला नाही. कारण साधं आहे. एनपीएसमध्ये माणूस गेल्यावर उरलेली रक्कम मुलांना मिळू शकते. यूपीएसमध्ये खात्यातली जमा सामायिक निधीत जाते आणि नवराबायको दोघंही गेले की पेन्शन संपली. आपल्या लोकांना मागे काहीतरी ठेवून जायचं असतं. ज्याची सेवा 25 वर्षांपेक्षा कमी भरते, त्याची पेन्शनही त्या प्रमाणात कमी होते. आणि संघटनांचा मुद्दा आहेच की जुन्या पेन्शनला पैसे भरावे लागत नव्हते, मग आता का?

'आमदारांना पेन्शन, आम्हा खासगीवाल्यांना काय?'

आमदारांची पेन्शन एका टर्मवर मिळते आणि तिला एनपीएस लागू नाही. रकमेच्या हिशेबाने तिजोरीवर तो मोठा भार नाही, पण त्याग शिकवणाऱ्याने आधी स्वतःचं ताट हलकं करावं, या अपेक्षेला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरा सवाल जास्त अवघड आहे. कारखान्यात, सहकारी संस्थांत, एसटीत राबलेल्या लाखोंना ईपीएस-95 मधून, म्हणजे भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या 1995 च्या पेन्शन योजनेतून, किमान पेन्शन मिळते ती महिना 1,000 रुपये. 2014 पासून तेवढीच. ती साडेसात हजार करा म्हणून बुलढाण्यात या पेन्शनरांचं साखळी उपोषण वर्षानुवर्षं चाललं. त्याला 'एकच मिशन'सारखी गर्दी जमली नाही. श्रावणबाळ योजनेत मिळतात 1,500. शेतमजूर बाईला म्हातारपणी तेवढ्यात भागवायचं आहे. सरकारी पेन्शनचा कर तीही भरते, किराणा घेताना, मोबाइलचं रिचार्ज मारताना.

यावर संघटनेतले लोक म्हणतात, आमची पेन्शन कमी करून तिला द्या असं कोणी म्हणत नाही, दोघांनाही द्या म्हणा. म्हणायला हरकत नाही. पण किती आणि कुठून, हे दोन प्रश्न त्याच तिजोरीपाशी येऊन थांबतात.

तोवर खातं तपासा

एनपीएसमध्ये असाल तर प्राण क्रमांक, म्हणजे तुमचा 12 अंकी कायमचा खाते क्रमांक, टाकून वर्षाचं विवरणपत्र काढा. तुमचा कापलेला आणि सरकारने घातलेला हिस्सा महिन्यागणिक जुळवा. वारसाचं नाव पाहा, लग्नाआधी लावलेलं तसंच राहिलेलं असतं. ताईने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे पहिल्यांदा केलं. 2012 मधले पाच महिने कोरे निघाले. पगारातून कापल्याची नोंद चिठ्ठीत आहे, खात्यात पैसे नाहीत. कार्यालयात विचारलं तर तेव्हाचे लिपिक बदलून गेलेत म्हणाले. तिने त्या पाच चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढून अर्ज दिला, पोच घेतली. मोठ्या सरांनी अर्जाचा मसुदा लिहून दिला होता.